सहा यार्डांवरून

हॅडर्सली
२८ डिसेंबर १९८३

लेन,

परवाच्या तुझ्या गोलाची खरी किंमत काय पडली, ते आज दुकानाच्या काट्यापाशी उभं राहून काढलं. आमचा हातातला एक गुण गेला, तो तर पेपरातच आलाय. बाजारपेठेतल्या माझ्या दुकानाची काच गेली. बाबांची टोपी गेली, ती त्यांनी स्वतःच मैदानात भिरकावली आणि परत मागायला गेले नाहीत. मैदानात कातडी कमावणाऱ्या टॅनरीच्या बाजूच्या पायऱ्यांवर कठड्याजवळची त्यांची जागाही गेली, कारण आता मी तिथे तोंड दाखवणार नाही असं ते म्हणतात. आणि तुमचं दोघांचं रविवारचं जेवण. मॉरीन तुझी बायको असली तरी माझी सख्खी बहीण, म्हणून आईने सांगितलंय, एकटी आली तर वाढीन.

गोल मारलास याची तक्रार नाही. ब्रॅकथॉर्पवाले तुला त्याचाच पगार देतात. पण ज्या क्लबात आठ वर्षं वाढलास, त्याच्यावर गोल मारला तर माणूस मान खाली घालतो, गुपचूप वळतो आणि मध्यरेषेकडे चालू लागतो. हात वर करत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण शेंबड्या पोराला कळतं. तू अर्धं मैदान पळत आलास आणि आमच्यासमोर कानामागे तळवा धरून उभा राहिलास, की आता का गप्प झालात. तिथे कोण उभं होतं? तुझा सासरा, तुझे शाळेतले मास्तर, तुझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात सूप घेऊन येणारी मिसेस क्लेग.

तीच मिसेस क्लेग आज रांगेत म्हणते, "सिरिल, तुझ्या मेव्हण्याच्या तंगडीचे दोन काप दे. कुत्र्यासाठी."

मी म्हटलं, "बाई, जून माल आहे. कुत्रं आठवडाभर चावत बसेल."

सगळं दुकान हसलं. मीही हसलो. गिऱ्हाइकासमोर हसावं लागतं. 

सिरिल मॅलिन्सन


ब्रॅकथॉर्प
२ जानेवारी १९८४

सिरिल,

गोल मारल्यावर काय करायचं ते मला खाटकाने शिकवू नये. मी तुला डुक्कर कसं सोलायचं ते सांगायला येतो का?

नव्वद मिनिटं तुमच्या लोकांनी माझ्या मेलेल्या आईपासून सुरुवात करून माझ्या न झालेल्या मुलांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. मास्तरांचा आवाज मला ओळखू आला. शाळेत एवढा खणखणीत असता तर मी भूगोलात पास झालो असतो. दुसऱ्या अर्ध्यात मानेवर एक सॉसेज येऊन बसलं. तुझ्याच दुकानातलं, वास ओळखतो मी. कच्चं होतं. म्हणजे खायला नाही, फेकायलाच आणलेलं. आणि मी मान खाली घालायची?

आता मूळ गोष्टीवर येऊ. मी तुमचा क्लब सोडलेला नाही. प्रत्येक मे महिन्यात क्लब ठरवतो कोणाला ठेवायचं आणि कोणाला नारळ द्यायचा, आणि घरी पाकीट येतं. दीड वर्षापूर्वी माझ्याकडे आलं. दोन ओळी. 'आपल्या सेवेबद्दल आभार' हे छापील, फक्त नाव हाताने लिहिलेलं, तेही चुकीचं. खाली चेअरमनची सही. पण त्या बैठकीत टेबलाभोवती जे पाच डायरेक्टर बसले होते त्यात तू होतास, आणि सगळ्यांना खायला डुकराच्या मांसाचा ट्रे तूच नेला होतास. मॉरीनने तुला विचारलं तेव्हा म्हणालास, "मी एकटा काय करणार." तू एकटा हात वर न करता बसू शकला असतास.

म्हातारा झालो म्हणून काढलंत ना? या हंगामात ब्रॅकथॉर्पसाठी सगळ्यांत जास्त गोल कोणाचे आहेत ते बघ. अजूनही गोलापासून सहा यार्डांवर मला चेंडू मिळाला, तर तुमच्या गोलकीपरने मागे वळून तो जाळ्यातून काढायचा, एवढंच काम उरतं. सहा यार्डांवरून मी आयुष्यात बाहेर मारलेला नाही. डोळे बांधून मारायला सांग.

काचेचं ऐकून वाईट वाटलं नाही.

लेन


ब्रॅकथॉर्प
११ मार्च १९८४

सिरिल,

मी लिहितेय हे लेनला माहीत नाही. तो सरावाला गेलाय. गेलाय म्हणजे काय, सकाळी जिन्यावरून बसून एकेक पायरी उतरला, रांगतं मूल उतरतं तसा, मग दाराशी उभा राहून पाय झटकला आणि शीळ वाजवत गेला. शेजारच्यांना ऐकू जाईल अशी.

डावा गुडघा गेलाय त्याचा. नाताळापासूनच. रात्रभर त्याखाली उशी लागते. डॉक्टरकडे जात नाही, कारण डॉक्टर क्लबचा, त्याला कळलं की मॅनेजर स्टॅन्सफील्डला कळणार, आणि मे महिन्यात पुन्हा ते पाकीट. आता पाकीट आलं तर पुढे कोणी उभं करणार नाही, हे त्यालाही कळतं. तेहतीस वर्षांचा आहे. पंधराव्या वर्षापासून त्याने दुसरं काही केलेलं नाही. परवा मी म्हटलं, गोदामात माणसं घेतायत, तर दोन दिवस जेवला नाही.

तुमच्याकडचे पोरांना शिकवणारे म्हातारे टॉर्डॉफ या उन्हाळ्यात निवृत्त होतायत म्हणे. लेनला पोरं आवडतात. गल्लीतल्या पोरांना तासन् तास शिकवतो, तेव्हा गुडघाही विसरतो. तुझ्या शब्दाला तिथे किंमत आहे. तुम्ही दोघं एकमेकांना काय काय लिहिता ते मी वाचलंय, दोघेही गाढव आहात. पण मी तुझी बहीण आहे. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

त्याला गुडघ्याबद्दल एक अक्षर बोलू नकोस.

मॉरीन


हॅडर्सली
२४ एप्रिल १९८४

लेन,

मागचं विसरू. निदान मी विसरायला तयार आहे.

गुणतक्ता तूही वाचतोस. तळाचे चार क्लब उन्हाळ्यात लंडनला जाऊन बाकीच्या क्लबांपुढे हात जोडतात, की आम्हाला लीगमध्ये राहू द्या, आणि ते चिरूट ओढत मतं देतात. मागच्या वेळी आम्ही थोडक्यात वाचलो. यंदा दक्षिणेतला एक नवा क्लब दाराशी उभा आहे. त्यांच्याकडे नवीन स्टँड आहे, आत गरम पाण्याचे नळ आहेत. आमच्याकडे टॅनरीचा वास आहे. या वेळी हात जोडले तर हात कापून परत पाठवतील. मग लीग संपली, क्लब संपला, आणि शनिवारी दुपारी बाबांनी काय करायचं?

आम्ही आणि सॉल्टबेक, दोघांपैकी एकजण तळाच्या चौघांत जाणार. आमची शेवटची मॅच १२ मेला तुमच्या मैदानावर आहे. एक गुण मिळाला तर आम्ही त्यांच्या पुढे राहतो; त्यांची राहिलेली एक मॅच नंतर आहे, पण ती ते जिंकत नाहीत.

आता दुसरी गोष्ट, हिचा पहिलीशी संबंध नाही. टॉर्डॉफ निवृत्त होतायत. पोरांना शिकवायला माणूस हवा, आपल्या गावचा, ज्याने मैदान पाहिलंय असा. मी तुझं नाव बोललो. चेअरमन म्हणाले, "तो कानवाला?" मी म्हटलं, कान सोडा, पाय बघा. कोणी नाही म्हणालं नाही. १७ तारखेच्या बैठकीत ठरेल.

एवढंच की, १२ तारखेला तुझा गुडघा जरा जास्त दुखला आणि तू बाकावर बसलास, तर कोणाला नवल वाटायचं कारण नाही. तेहतिसाव्या वर्षी गुडघे दुखतात. मी तुझ्या गुडघ्याबद्दल कोणाकडून काही ऐकलेलं नाही. अंदाजाने लिहितोय.

वाचून झालं की हे शेगडीत टाक.

सिरिल


ब्रॅकथॉर्प
२७ एप्रिल १९८४

सिरिल,

अंदाजाने लिहिलंस म्हणे. पाय नाही, पाठ नाही, घोटा नाही, थेट गुडघ्यावरच तुझा अंदाज बसला. मी मॉरीनला विचारलं. ती आधी नाही म्हणाली, मग रडली, मग माझ्यावर ओरडली. आता आम्ही एका घरात राहतो आणि मीठ कुठेय तेसुद्धा विचारत नाही. शाबास.

मी घरासाठी, पोटासाठी फार हलक्या हलक्या जागी खेळलोय. चिखलात, बर्फात, दोनशे माणसांसमोर, माझ्यावर थुंकणाऱ्या बचावपटूच्या अंगावर पडून. एकदा दात पाडून घेतले आणि हिरडीत कापूस घालून पुन्हा आत गेलो. पण मुद्दाम वाईट खेळलो नाही. एकदाही नाही. तुला हे समजणार नाही, कारण तू काट्यावर अंगठा ठेवून मोठा झालास. गावात सगळ्यांना माहीत आहे, फक्त तुझ्या तोंडावर कोणी बोलत नाही, सॉसेज चांगली असतात म्हणून.

आणि ऐक, टॉर्डॉफची जागा मला हवी होती. हवी होती म्हणूनच जास्त संताप आला. पोरांना मी काय शिकवायचं होतं, कोणत्या शनिवारी गुडघा दुखवून घ्यायचा ते?

१२ तारखेला मी खेळणार. गोल मारणार. आणि तुमच्या बसेस कुठे उभ्या असतील ते आत्ताच बघून ठेवतो, पळत तिथपर्यंत येईन.

लेन


हॅडर्सली
१३ मे १९८४, रविवार

प्रिय लेन,

मी हरलो. तुझ्या २७ तारखेच्या पत्राने मला पुरतं फसवलं. दोन आठवडे झोप नाही मला, आणि तू गालातल्या गालात हसत बसला होतास.

काल शेवटची दोन मिनिटं उरली होती. शून्य-शून्य. बाबा माझा दंड धरून उभे होते, अजून काळंनिळं आहे तिथे. उजवीकडून चेंडू आला. आमचा गोलकीपर उलटलेल्या हातगाडीसारखा चिखलात पडलेला. समोर पूर्ण जाळं मोकळं, सहा यार्ड, आणि तू. मी डोळे मिटले. बाबांनी नाही मिटले. ते म्हणतात, तू पाय मारता मारता आखडलास, चेंडू नुसता नडगीला लागू दिलास, आणि तो पाव आणायला निघाल्यासारखा सावकाश खांबाच्या बाहेरून निघून गेला. मी डोळे उघडले तेव्हा तू खांबाला धरून उभा होतास, आमच्याकडे बघत. आणि हसलास.

मग मास्तर म्हणाले, "अरे, पोरगं आपलं आहे." तिथून जे सुरू झालं ते बसमध्ये संपलं नाही, पबमध्ये संपलं नाही. ज्या तोंडांनी तुला नाताळात शिव्या घातल्या त्याच तोंडांनी काल तुझ्या नावाची गाणी म्हटली. मिसेस क्लेग टेबलावर चढली होती. बाबा येताना मला म्हणाले, रविवारी दोघांना बोलाव.

रागावून पत्र लिहायचं, कोणाला संशय येऊ द्यायचा नाही, आणि ऐनवेळी पाय आखडायचा. मला वाटायचं की आपल्या घराण्यात डोकं मलाच आहे.

१७ तारखेला बैठक. आता औपचारिकता उरली.

तुझा मेव्हणा,
सिरिल


ब्रॅकथॉर्प
१४ मे १९८४

सिरिल,

मी गोल मारत होतो.

नीट वाच, मग गावाला वाचून दाखव. मी तो चेंडू जाळ्यात मारत होतो. जोर लावून. आखडलं नाही, सोडलं नाही, तुमच्यासाठी काही केलेलं नाही. चुकला. माणसाचा चुकतो.

मॅच संपल्यावर स्टॅन्सफील्डने मला आपल्या खोलीत नेलं, बाकीच्यांना बाहेर काढलं आणि दार लावलं. म्हणाला, "किती दिले त्यांनी?"

मी म्हटलं, "कोणी काही दिलेलं नाही."

"मग फुकट विकलास? तेव्हा तर आणखीनच मूर्ख."

"मी मारत होतो."

"लेन, तुला मी बारा वर्षं बघतोय. आधी तुझ्याविरुद्ध, मग तुझ्याबरोबर. तिथून तू झोपेतसुद्धा चुकत नाहीस. आणि वर त्यांच्याकडे बघून हसलास."

बाहेर आलो तर माझे बूट बोळात ठेवलेले. कपडे बदलायच्या खोलीत माझ्या शेजारची खुंटी रिकामी, शेजाऱ्याने कपडे दूर टांगलेले. ज्या पोरांना मी पास कसा द्यायचा ते शिकवलं, ती पोरं भिंतीकडे बघत टाय बांधत होती. आणि हे सगळं चालू असताना बाहेर तुमच्या बसेसमधून माझ्या नावाचं गाणं ऐकू येत होतं. शिव्या परवडल्या.

तुझ्या लोकांना सांग. सगळ्यांना, पबमध्ये, रांगेत. बाबांनाही. नाहीतर मी येऊन सांगेन.

लेन


हॅडर्सली
१५ मे १९८४, सकाळ

लेन,

बस जरा. चहा घे. मग पुढचं वाच.

सहा यार्डांवरून तू आयुष्यात बाहेर मारलेला नाहीस. हे मी म्हणत नाही, जानेवारीत तू मला लिहिलंस. आता म्हणतोस चुकला. बरं, चुकला. मग तू संपलास. ज्या स्ट्रायकरचा मोकळ्या जाळ्यासमोर सहा यार्डांवरून चुकतो, त्याला स्टॅन्सफील्ड ठेवणार नाही, आणि आमचे बाकीचे चार डायरेक्टर म्हणतील, याला गोल दिसत नाही, हा पोरांना काय दाखवणार. म्हणजे तुझं खरं सांगून तुझे दोन्हीकडचे दोर कापले जातात.

गप्प राहिलास तर? स्टॅन्सफील्डच्या मनात तू लबाड, एवढंच. सिद्ध काही करता येत नाही. इकडे अख्खं गाव तुझं. टॉर्डॉफची शिट्टी तुझ्या गळ्यात. रविवारी आईच्या हातचं जेवण. तुला खोटं बोलायलाही कोणी सांगत नाहीये, नुसतं बोलू नकोस. तोंड मिटून बसण्याइतकं स्वस्त काही नाही. मी निम्मा धंदा त्यावर केलाय.

आणि खरं सांगू? तुझा पाय का आखडला ते तुलाही ठाऊक नसेल. माणूस मनात एक म्हणतो आणि पाय दुसरं ऐकतो. माझं पत्र तुझ्या डोक्यात होतं. असणारच. शेगडीत टाकलं तरी वाचलेलं जळत नाही. वजडीच्या गाड्यावर उभा राहायचो तेव्हापासून मला माणसं कळतात. काल पबमध्ये चेअरमनला एवढंच म्हणालो, की अकरा जणांना जे ऑगस्टपासून जमलं नाही, ते एका खाटकाने टपालाच्या एका तिकिटात केलं. क्लब वाचला तो माझ्या पत्राने. त्यांना पूर्ण कळलं नाही, पण त्यांनी मला पाजली.

सॉल्टबेकची एक मॅच उरली आहे, फेब्रुवारीत बर्फामुळे राहिलेली. आज संध्याकाळी, दुसऱ्या क्रमांकाच्या क्लबाच्या मैदानावर. जिंकले तरच आमच्या पुढे जातात. ऑक्टोबरपासून घराबाहेर जिंकलेले नाहीत ते. त्यांची चिंता तू करू नकोस, मीही करत नाही. केक सांगून ठेवलाय.

सिरिल


ब्रॅकथॉर्प
१६ मे १९८४

सिरिल,

तुझा हिशेब बरोबर होता. खरं सांगितलं तर दोन्हीकडचे दोर कापले जातात. आज सकाळी स्टॅन्सफील्डच्या खोलीत गेलो, पँट वर केली आणि गुडघा त्याच्या टेबलावर ठेवला.

त्याने मालिशवाल्याला बोलावलं. मालिशवाल्याने दोन बोटांनी दाबलं आणि माझ्याकडे बघायचं टाळून हात पुसले. स्टॅन्सफील्ड म्हणाला, "तू लबाड असतास तर बरं झालं असतं रे. लबाडाला दंड करून पुढच्या वर्षी पुन्हा खेळवता येतं." मग बाहेर जाऊन पोरांना सांगितलं. एकेकजण आत आला आणि मी जणू वारलोय अशा आवाजात बोलून गेला. बूट मात्र आत आणून ठेवले. पाकीट शुक्रवारी येईल. या वेळी नाव नीट लिहितो म्हणाला.

आता हसण्याबद्दल, कारण तेवढंच तुम्हा लोकांना नीट दिसलं. मी मारायला उजवा पाय उचलला आणि सगळं वजन डाव्यावर आलं. आत काहीतरी तुटलं. आवाज मला ऐकू आला, तुमच्या सगळ्यांच्या आवाजातून. चेंडू कुठे गेला ते मी पाहिलंसुद्धा नाही. मी पडलो असतो तर स्ट्रेचर आलं असतं, आणि सगळ्या मैदानाला कळलं असतं की लेन ऑडीचा गुडघा गेला. पडायचं नव्हतं मला. म्हणून खांब धरला, आणि चेहऱ्यावर दुखणं दिसू नये म्हणून दात दाखवले. तुमच्याकडे नव्हतो बघत. तुम्ही फक्त त्या बाजूला होतात.

तुझं पत्र माझ्या डोक्यात नव्हतं. तिथे डोक्यात काहीच नसतं. म्हणूनच ती जागा आवडायची मला.

शनिवारच्या खेळाच्या पेपरवाल्यालाही हेच सांगितलंय, नावानिशी, गुडघ्यासकट. तुझ्या पत्राचं बोललो नाही. मॉरीनचा भाऊ आहेस. उद्याच्या बैठकीत माझं नाव काढू नकोस. पोरांना शिकवायचं असेल तर मी अशा गावात शिकवीन जिथे मला कोणी गाणंही म्हणत नाही आणि सॉसेजही मारत नाही. बाबांना हे पत्र तू वाचून दाखव. मी त्यांच्या टेबलावर हिरो म्हणून बसून जेवणार नाही.

मॉरीन आणि मी बोलायला लागलोय. आज सकाळी जिन्यावर ती एक पायरी खाली उभी राहिली आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्यानेच उतरलो. शीळ वाजवली नाही.

लेन

ता. क. तुला काल रात्रीच कळलं असेल, तरी लिहून ठेवतो. सॉल्टबेक तीन-शून्यने जिंकले. तळाच्या चौघांत तुम्ही आहात.